हिवाळा आणि घरउंदीर : लपलेल्या वस्तीची ओळख

घरात उंदीर दिसत नाही, त्या अर्थी घरात उंदीर नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. घरउंदीर हा निशाचर व भित्रा प्राणी आहे. दिवे मालवून घर निजले म्हणजे त्याचा दिवस सुरू होतो आणि पहाटे घर जागे होण्यापूर्वी तो आपल्या जागी परतलेला असतो. एखाद्या घरात उंदीर भर दिवसा फिरू लागला, तर तेथील वस्ती बहुधा दाट झालेली असते. म्हणून उंदीर दृष्टीस पडेपर्यंत थांबणे इष्ट नव्हे. त्याच्या खुणा ओळखावयास शिकले पाहिजे आणि त्यासाठी हिवाळ्यासारखा ऋतू नाही. असे का, ते प्रथम पाहू.

थंडी आणि लहान शरीर

चुलीवरून उतरलेला पेलाभर चहा पाहता पाहता निवतो, पण हंड्यातील कढत पाणी कितीतरी वेळ ऊन राहते. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा असतो आणि उष्णता पृष्ठभागातूनच बाहेर जाते. घरउंदराचे वजन अवघे १५ ते २५ ग्रॅम. तो म्हणजे पेल्यातील चहा होय. शरीराची ऊब राखण्यासाठी विशेष श्रम पडू नयेत, असे तापमान त्याच्या बाबतीत सुमारे ३० अंश सेल्सिअस असते. जानेवारीच्या रात्री दिल्ली-अमृतसरकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि पुणे-नाशिककडेही तो कधी कधी १० अंशांच्या खाली जातो. अशा वेळी या जिवाची अवस्था बिकट होते.

काही प्राणी हिवाळाभर निद्रिस्त राहतात. घरउंदराला ती सोय नाही. त्याच्यापुढे तीनच मार्ग असतात : अधिक खाणे, मऊ साहित्याचे घरटे करून एकमेकांना बिलगून राहणे, आणि उबेच्या आश्रयाला जाणे. त्यातच खरिपाची पिके निघून शेते मोकळी झालेली असतात व धान्य घरात आलेले असते. खाद्य, कापूस आणि ऊब या तिन्ही वस्तू त्याला मनुष्याच्या घरी एकत्र मिळतात.

हिवाळ्यात आपण दारेखिडक्या लावून घेतो, लवकर निजतो, पांघरुणांच्या राशी रचतो. त्यामुळे उंदराला लपणे सोपे जाते. परंतु थंडीमुळे वाढलेली त्याची भूक आणि घरट्याची गरज त्याला स्वस्थ बसू देत नाही. उंदीर अधिक लपतो, पण त्याच्या खुणा मात्र अधिक उमटतात. मुंबई-चेन्नईसारख्या ठिकाणी कडाक्याची थंडी नसते. तेथे खुणा याच, परंतु त्या वर्षभर शोधाव्या लागतात.

पहिली खूण : लेंड्या

घरउंदराची लेंडी ३ ते ६ मिलिमीटर लांब, काळपट आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. आकाराने ती साधारण जिऱ्याच्या दाण्याएवढी भरते. म्हणूनच मसाल्याच्या फळीवर ती सहज नजरेतून सुटते. माळ्यावर वावरणाऱ्या मोठ्या काळ्या उंदराची लेंडी एक सेंटीमीटरहून लांब असते. घुशीची त्याहूनही मोठी व जाड असते.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक पालीच्या विष्ठेची. तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. उंदराच्या लेंडीला तो कधीही नसतो. दुसरी चूक झुरळाची. त्याची विष्ठा बारीक कणासारखी असते व भिंगातून पाहिल्यास तिच्यावर लांबट रेघा दिसतात.

लेंडी ताजी असली म्हणजे मऊ व चकचकीत असते. काही दिवसांनी ती कडक व निस्तेज होते आणि जुनी झाल्यावर काडीने दाबताच तिचा भुगा होतो. मात्र संख्येवरून घाईने अनुमान करू नये. एकच उंदीर एका दिवसात ५० ते ७५ लेंड्या टाकतो. तेव्हा एका कोपऱ्यात मूठभर लेंड्या आढळल्या म्हणून उंदीर पुष्कळ आहेत, असे ठरत नाही. आकाराकडे अधिक लक्ष द्यावे. मोठ्या लेंड्यांत अगदी बारीक लेंड्या मिसळलेल्या दिसल्या, तर घरात पिले वाढत आहेत, असे समजावे.

दुसरी खूण : घरटे

हिवाळ्यातील शोधात सर्वांत मोलाची खूण ही होय. फाडलेला कागद, कापूस, सुतळीचे धागे, लोकर यांचा सैलसर गोळा म्हणजे उंदराचे घरटे. ते सामान्यतः वीतभर रुंदीचे असते. ते कोठे शोधावे? जेथे ऊब, अंधार आणि शांतता एकत्र असतात तेथे : पलंगाच्या पेटीत, न उघडलेल्या रजयांच्या घडीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे, माळ्यावरील खोक्यांत आणि फ्रिजच्या मागील यंत्राजवळ. फ्रिजच्या यंत्राची ऊब आपल्याला जाणवतही नाही. उंदराला मात्र ती शेकोटीसारखी असते.

रजईला किंवा गोधडीला एखादे भोक पडले असेल, तर ते कसरीचे की उंदराचे, हे पाहावे. कसर लोकर खाते व लहान, विखुरलेली छिद्रे पाडते. उंदीर कापूस खात नाही, तो उपसून नेतो. त्यामुळे भोकाची कड ओबडधोबड असते आणि कापसाचे पुंजके वाटेत सांडलेले दिसतात. ते पुंजके ज्या दिशेला जातात, त्या दिशेला घरटे असण्याचा संभव अधिक. घरउंदराचा संचार बहुधा घरट्यापासून दहा मीटरांच्या आतच असतो. तेव्हा फार दूर शोधण्याचे कारण नाही.

तिसरी खूण : कुरतडणे

उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजत राहावेत म्हणून, तसेच वाट मोकळी करण्यासाठी, तो लाकूड, साबण, प्लॅस्टिक, रबर यांवर दात चालवितो. लहान उंदराच्या दातांच्या रेघा एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात. ताजे कुरतडलेले लाकूड फिकट दिसते व जुने काळवंडते. धान्य खातानाही त्याची रीत निराळी असते. तो एका जागी पोट भरत नाही. रात्रीतून अनेक ठिकाणी थोडे थोडे टोकरतो. डब्याजवळ अर्धवट दाणे व कोंडा सांडलेला असल्यास त्याची दखल घ्यावी.

या खुणेत एक गोष्ट अशी आहे, की तिच्या बाबतीत एका दिवसाचाही विलंब करू नये. स्वयंपाकाच्या गॅसची रबरी नळी आणि विजेच्या तारा यांवरही उंदीर दात चालवितो. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात. गळलेला गॅस खोलीतच साचतो. म्हणून उंदराचा संशय येताच सर्वांत आधी गॅसची नळी शेगडीपासून टाकीपर्यंत विजेरीच्या उजेडात तपासावी. नळीवर दातांची एक जरी रेघ दिसली, तरी ती बदलावी आणि तारेचे अस्तर असलेली, मानकचिन्हांकित नळी लावावी. गॅसचा वास आल्यास टाकीचा रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण लावू वा मालवू नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

वाट, वास आणि आवाज

उंदीर मोकळ्या जागेतून जाण्याचे टाळतो. मिशांनी भिंत चाचपीत तो तिच्या कडेकडेने धावतो. रोज त्याच वाटेने गेल्यामुळे त्याच्या अंगाचा मळ भिंतीच्या तळाशी व भोकांच्या कडेला लागून तेथे तेलकट काळसर पट्टा उमटतो. बंद कपाट उघडताच उग्र, कुबट वास आला, तर तो मूत्राचा असण्याचा संभव असतो. रात्री छताच्या फळ्यांमागे खरखर किंवा बारीक चीं चीं ऐकू येते.

वास व आवाज यांवरून चिचुंद्रीलाही उंदीर समजले जाते. वस्तुतः ती उंदराच्या कुळातील नाही. तिचे तोंड सोंडेसारखे लांब असते, ती मोठ्याने चिक् चिक् असा आवाज करते आणि झुरळे-किड्यांवर निर्वाह करते. ती कपडे किंवा तारा कुरतडीत नाही. घरात वास व आवाज आहे, पण कुरतडल्याची एकही खूण नाही, असे असल्यास चिचुंद्रीचा विचार करावा.

दोन रात्रींची परीक्षा

संशय कायम राहिल्यास पुढील प्रयोग घरातील मुलांनाही मोठ्यांच्या देखरेखीखाली करता येईल.

पहिल्या रात्री भिंतीच्या कडेला शंखजिऱ्याचा किंवा पिठाचा पातळ थर हातभर लांब पसरावा. सकाळी विजेरी जमिनीलगत आडवी धरून पाहावे. पुढच्या पावलाचे चार व मागच्या पावलाचे पाच बोटांचे बारीक ठसे उमटले असतील. कोणती दिशा अधिक ठशांची आहे, ते टिपून ठेवावे. संशयित भोकात कागदाचा सैल बोळा बसवावा. तो सकाळी बाहेर ढकललेला आढळला, तर भोक वापरात आहे.

दुसऱ्या रात्री २० ग्रॅम भरडलेली ज्वारी किंवा गहू वजन करून बशीत त्याच वाटेवर ठेवावा व सकाळी उरलेले तोलावे. घरउंदीर एका रात्रीत सुमारे ३ ग्रॅम धान्य खातो. १० ग्रॅम कमी झाले, तर उंदीर तीनाहून कमी नसावेत. इतर खाद्य उघडे राहिल्यास हे अनुमान कमी भरेल. म्हणून त्या रात्री सर्व डबे घट्ट लावावेत.

या मोजणीचे महत्त्व पुढील हिशेबावरून ध्यानात येईल. मादीचा गर्भकाल सुमारे २० दिवसांचा असतो, एका वेळी पाच ते आठ पिले होतात, आणि ती पिले सहा ते आठ आठवड्यांत प्रजननक्षम होतात. दिवाळीच्या सुमारास घरात शिरलेली एक जोडी संक्रांतीपर्यंत तीन वेळा विऊ शकते. जे काम दिवाळीला एका सापळ्याने झाले असते, त्याला संक्रांतीला दहा पुरत नाहीत.

खूण पटल्यावर

लेंड्या कोरड्या केरसुणीने झाडू नयेत. त्यांची धूळ श्वासात जाते. उंदरांच्या मलमूत्रातून साल्मोनेला जिवाणू व लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, लेंड्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडावे व काही मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

सापळा भिंतीला लागून, खुणा आढळल्या त्या वाटेवरच ठेवावा. दोन सापळ्यांत दोन-तीन मीटर अंतर पुरे. आमिषाला शेंगदाण्याचा कूट चांगला. हिवाळ्यात सापळ्याला बांधलेला कापसाचा पुंजकाही उपयोगी पडतो. मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरात विष टाळावे. विष खाऊन उंदीर भिंतीच्या पोकळीत मेला, तर दुर्गंधीचा त्रासही होतो.

सापळे काही रात्री रिकामे राहिल्यावर भोके बुजवावीत. ज्या फटीत पेन्सिल जाते, त्या फटीतून लहान उंदीर येऊ शकतो. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावल्यास ती वाट कायमची बंद होते.

तात्पर्य, रजया काढण्याच्या दिवशी पेटीचा तळ पाहावा, आठवड्यातून एकदा मसाल्याची फळी उचलून पाहावी, आणि गॅसच्या नळीवरून विजेरी फिरवावी. एवढ्या तीन सवयी घरातील सर्वांनी लावून घेतल्या, तर हिवाळ्यात शिरलेला हा पाहुणा वस्ती करण्यापूर्वीच ओळखता येईल.