वाचनाच्या तासाची घडी कशी बसवू?

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग माझ्याकडे आहे. पट २८. वाचनाच्या तासाला चार-पाच मुलंच वाचतात, बाकीची चुळबुळ करतात. काय करावं?

उत्तर : ताई, आधी एकेकाला उभं करून वाचून घेणं थांबवा. ४० मिनिटांत २८ मुलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट. उरलेला वेळ ती करणार तरी काय?

परिपाठ झाला की लगेच, रोज त्याच वेळी तास ठेवा. पहिली दहा मिनिटं तुम्ही गोष्ट वाचायची, मुलांनी ऐकायची. पुढची वीस मिनिटं पाच-सहा जणांचा गट सतरंजीवर तुमच्याजवळ; बाकीचे जोडीनं, दोघांत एक पुस्तक. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं, पान उलटलं की पाळी बदलायची. शेवटी आवडेल ते पुस्तक.

खरं काम सतरंजीवर होतं. एखादं मूल 'पुस्तक'चं 'पुसतक' वाचतं. लगेच दुरुस्त करू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेकदा ते स्वतःच मागे येतं. नाहीच आलं, तर अर्ध्या 'स'वर बोट ठेवा, शब्द सांगू नका.

पुस्तकं कपाटात कुलूपबंद नकोत. मुलांच्या उंचीला दोरी बांधून चिमट्यांनी लावा. फाटतील, फाटू द्या, चिकटवता येतात. कमी पडली तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळीनुसार मराठी गोष्टी मोफत मिळतात.