परिचर्या शिक्षणाची दुसरी संधी : वय, पात्रता आणि गावाचे कर्तव्य

ग्रामीण आरोग्यसेवेचा डोलारा ज्या खांबांवर उभा आहे, त्यांत परिचारिकेचे स्थान अग्रभागी आहे. सपाट प्रदेशात सर्वसाधारणपणे ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, घरभेटी, साथीच्या काळातील सर्वेक्षण ही तेथील कामे प्रामुख्याने आरोग्य सेविकाच पार पाडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका व परिचारक होते आणि तरीही सुमारे ५८ लाखांची उणीव होती.

एका बाजूला ही गरज आहे. दुसऱ्या बाजूला, विवाहामुळे वा परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेल्या आणि आज आशा कार्यकर्ती, अंगणवाडी मदतनीस, शिवणकाम करणाऱ्या किंवा खाजगी शाळेत तुटपुंज्या वेतनावर शिकविणाऱ्या अनेक स्त्रिया गावोगाव आहेत. वयाच्या तिशीत व्यवसाय बदलून परिचर्येकडे वळावे, अशी त्यांच्यापैकी कित्येकींची इच्छा असते. या इच्छेच्या आड बहुधा बुद्धी येत नाही. नियमांची माहिती उशिरा मिळणे आड येते. म्हणून या प्रवेशाचे स्वरूप शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील कर्मचारी यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

परंपरा जुनीच

मोठ्या वयात परिचर्येकडे वळणे ही नवलाईची गोष्ट नाही. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे प्रशिक्षण घेतले ते १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. आणि तेही घरच्यांचा दीर्घकाळ विरोध सोसून. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुणे येथे सेवासदन सुरू झाले. विधवा व निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी या संस्थेने जे मार्ग खुले केले, त्यांत परिचारिकेचे शिक्षण हा एक प्रमुख मार्ग होता. रुग्णसेवेचे काम हलके मानण्याच्या त्या काळात प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना या शिक्षणाकडे वळविणे हे मोठेच धाडस होते. आजची तिशीतील अर्जदार स्त्री याच परंपरेतील आहे.

प्रवेशाची तीन दारे

परिचर्या शिक्षणाचे प्राथमिक अभ्यासक्रम तीन आहेत. पहिला सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे ए.एन.एम. हा दोन वर्षांचा असून केवळ स्त्रियांसाठी आहे. पूर्वी यास दहावी उत्तीर्ण उमेदवार पात्र असत. भारतीय परिचर्या परिषदेने २०१२ मध्ये अभ्यासक्रम सुधारल्यापासून इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक झाले. कला शाखेच्या उमेदवारासही येथे वाव आहे. ‘दहावीवर नर्सिंग होते’ ही समजूत खेड्यांत अद्याप ऐकू येते. ती दूर केली पाहिजे.

दुसरा सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका, म्हणजे जी.एन.एम. हा तीन वर्षांचा असून त्यासाठी इंग्रजीसह बारावी आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेस प्राधान्य असले तरी इतर शाखांना दार बंद नाही. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिच्यासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी या विषयांसह बारावी आणि सर्वसाधारण उमेदवारास किमान ४५ टक्के गुण आवश्यक आहेत. पुढील दोन्ही अभ्यासक्रम पुरुषांनाही खुले आहेत.

बारावी नसलेल्या उमेदवाराने निराश होण्याचे कारण नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची बारावी परिषदेच्या नियमांत मान्य आहे. काम सांभाळून अभ्यास करणाऱ्या स्त्रीला हा मार्ग सोयीचा ठरतो. मात्र विषय निवडताना इंग्रजी वगळता कामा नये. तो विषय नसेल तर उत्तीर्ण होऊनही प्रवेशाच्या दृष्टीने ते शिक्षण व्यर्थ ठरते.

कळीचा मुद्दा : वय

या प्राथमिक अभ्यासक्रमांसाठी किमान वय १७ व कमाल वय सर्वसाधारणपणे ३५ वर्षे आहे. ही अट फक्त कागदावरची नाही. दुसऱ्या संधीचा सारा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे.

उदाहरणादाखल ३२ वर्षांच्या, दहावी उत्तीर्ण असलेल्या आशा कार्यकर्तीचा विचार करू. तिने याच वर्षी बारावीसाठी नाव नोंदविले आणि ३३ वा ३४ व्या वर्षी ती उत्तीर्ण झाली, तर ए.एन.एम.चा अर्ज तिला वेळेत करता येतो. दोन वर्षांनी, म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षाच्या आसपास, ती नोंदणीकृत परिचारिका होते. पण ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत तिने दोन वर्षे घालविली, तर बारावी होईपर्यंत वयोमर्यादा ओलांडली जाते आणि दार कायमचे बंद होते.

येथे एक दिलासा देणारी तरतूद आहे. नोंदणीकृत ए.एन.एम. उमेदवारास जी.एन.एम. प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही. जी.एन.एम. उत्तीर्ण होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम करता येतो. म्हणजे पहिल्या पायरीवर वेळेत पाय ठेवणाऱ्या स्त्रीला पुढील शिडी मोकळी आहे. थेट पदवीच्या हट्टापायी वय घालविण्यापेक्षा जी पायरी आज हाताशी आहे ती चढणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

शासकीय सेवेचा विचार करणाऱ्या उमेदवाराने आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ व मागास प्रवर्गास ४३ वर्षे आहे. वरील उदाहरणातील स्त्री खुल्या प्रवर्गातील असेल, तर शिक्षणानंतर शासकीय भरतीसाठी तिच्या हाती जेमतेम दोन वर्षे उरतात. खाजगी व धर्मादाय रुग्णालयांतील सेवेचा मार्ग त्यानंतरही खुला राहतो. परंतु निर्णय घेताना हा हिशेब तिच्यासमोर स्पष्टपणे मांडलेला असावा.

चुरशीच्या परीक्षेची तयारी

चांगल्या, विशेषतः शासकीय संस्थांतील जागा थोड्या व अर्जदार पुष्कळ, अशी स्थिती असते. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. परिषदेच्या नियमावलीत या परीक्षेचे १०० गुण पाच भागांत सारखे वाटलेले आहेत : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्येचा कल, प्रत्येकी २०.

शाळा सोडून पंधरा वर्षे झालेल्या उमेदवारास भौतिक व रसायन हे विषय जड जातात, हे खरे. परंतु कल व इंग्रजी या दोन भागांचे मिळून ४० गुण आहेत. त्यांपैकी कल पारखणाऱ्या प्रश्नांना रुग्णांशी व मातांशी रोजचा संबंध असलेली स्त्री अधिक समजुतीने सामोरी जाऊ शकते. उरलेल्या तीन विषयांसाठी अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तके हाच खरा आधार. दररोज दोन तास याप्रमाणे किमान आठ-दहा महिने नेमाने अभ्यास करावा आणि त्यात गावातील विज्ञान शिक्षकाचे साहाय्य घ्यावे. परीक्षा संगणकावर होते. म्हणून ज्यांनी संगणक हाताळलेला नाही त्यांनी शाळेच्या संगणकावर थोडा सराव अवश्य करावा.

कागदपत्रांची जुळवाजुळव

गुण असूनही प्रवेश हुकतो तो पुष्कळदा कागदपत्रांमुळे. विवाहित स्त्रीचे दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव माहेरचे व आधार पत्रावरील नाव सासरचे असते. हा मेळ घालण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र वा राजपत्रातील नावबदल उपयोगी पडतो. शिक्षणात खंड पडलेला असल्यास त्या कालावधीचे प्रतिज्ञापत्र लागते. त्याखेरीज शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र आणि राखीव प्रवर्गातील उमेदवारास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व लागू असल्यास उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, ही यादी आहे. यांपैकी जात वैधतेस वेळ लागतो. तिचा अर्ज प्रवेशाच्या हंगामाची वाट न पाहता आधीच केलेला बरा.

मान्यतेची खातरजमा

‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा जाहिराती तालुक्याच्या गावी भिंतीभिंतीवर दिसतात. अशा वर्गाच्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये काम करणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी हाच व्यवसायाचा खरा परवाना होय. पैसे भरण्यापूर्वी संस्थेस परिषदेची मान्यता आहे काय, पदवी अभ्यासक्रम असल्यास ती नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे काय आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. दागिने गहाण ठेवून भरलेले शुल्क निरुपयोगी कागदापायी वाया जाऊ नये, यासाठी हे पाहणे आवश्यक आहे.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम संमत केला असून १९४७ च्या जुन्या अधिनियमाच्या जागी नवी रचना त्यात योजिलेली आहे. त्यामुळे नियमांत बदल संभवतो. प्रत्येक उमेदवाराने त्या त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा.

घर, खर्च आणि गाव

अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्याने आशा वा अंगणवाडीचे मानधन थांबते. वसतिगृहात राहावे लागल्यास मुलांचा प्रश्न उभा राहतो. हा निर्णय म्हणून एकट्या स्त्रीचा नसतो. पती, सासू-सासरे यांच्याशी खर्चाचा व कालावधीचा हिशेब आधीच बोलून घेणे हिताचे. शुल्काच्या बाबतीत, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला आहे. आपला अभ्यासक्रम व संस्था त्यात मोडते किंवा कसे, हे प्रवेशापूर्वीच तपासावे.

गावपातळीवर करता येण्याजोगी कामे साधी आहेत. दहावी वा बारावी झालेल्या ३५ वर्षांखालील इच्छुक स्त्रियांची यादी मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायतीने मिळून करावी आणि महिला ग्रामसभेत वयाची अट वाचून दाखवावी. दाखल्यांसाठी एक दिवस ठरवून ते एकत्र मागवावेत. सार्वजनिक वाचनालयात प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांचा एक संच ठेवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेस बोलावून या कामातील रात्रपाळी, कष्ट व समाधान यांची कल्पना द्यावी, म्हणजे निर्णय डोळसपणे होईल.

यास मोठा निधी लागत नाही. वेळेवर सांगणारे कोणीतरी लागते. ३२ व्या वर्षी कळलेला नियम एका स्त्रीचे आयुष्य बदलू शकतो. तोच नियम ३६ व्या वर्षी कळला तर केवळ हळहळ उरते. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी हे अंतर ओळखून येत्या प्रवेशवर्षापूर्वीच या कामास आरंभ केला, तर त्या स्त्रीबरोबर गावाच्या आरोग्यसेवेलाही बळ मिळेल.