मालमोटारीच्या एंजिनात तळणीचे तेल
१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते. म्हणून तळणीचे उरलेले तेल गाळून मालमोटारीत घालावे, असे कित्येकांस वाटते. एंजिन चालतेही, नुकसान मागाहून दिसते. हे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. ते अर्धवट जळते, काजळी धरते आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. न जळलेले तेल खाली उतरून वंगणही बिघडविते. मिथेनॉल व कॉस्टिक सोड्याच्या क्रियेने ग्लिसरीन वेगळे काढल्यावर मिळणारे बायोडिझेल मात्र पुष्कळ पातळ असते. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने हा उद्योग घरी करू नये. तेल साठवून बायोडिझेलच्या कारखान्यास द्यावे. एंजिनातून काढलेले जुने वंगण तर टाकीत मुळीच ओतू नये. त्यात धातूचा कीस असतो.