परक्या नगरातील वाहने : इस्तंबूल

परक्या देशात उतरलेल्या प्रवाशाला नकाशा व वेळापत्रक सहज मिळते. परंतु तेथील लोक वाहनात कसे वागतात, हे कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते. ते पाहूनच शिकावे लागते. तुर्कस्तानातील इस्तंबूल हे याचे उत्तम उदाहरण होय.

हे नगर युरोप आणि आशिया अशा दोन खंडांत वसलेले असून मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी आहे. तिच्यावरील पहिला पूल 1973 साली खुला झाला. तोपर्यंत पैलतीरी जाण्यास बोटीवाचून गत्यंतर नव्हते. 2013 पासून सामुद्रधुनीच्या तळाखालून आगगाडीही धावते; तरीही प्रवासी बोटींची वर्दळ ओसरलेली नाही. बोट, बस, ट्राम आणि रेल्वे यांना एकच कार्ड चालते. या आगगाडीचे भाडे मात्र अंतरावर ठरते. आत शिरताना सर्वाधिक भाडे कापले जाते आणि उतरल्यावर तेथील यंत्राला कार्ड पुन्हा लावले, तरच उरलेली रक्कम परत मिळते. नवखा प्रवासी नेमका येथेच फसतो.

याहून वेगळी रीत 'दोलमुश'ची. तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थ 'भरलेले' असा आहे. या लहान गाडीचा मार्ग ठरलेला असतो, वेळ नव्हे. आसने भरली की ती सुटते. मागे बसलेल्याने उतरण्याचे ठिकाण सांगून पैसे पुढच्याच्या हाती द्यावयाचे. ते हातोहात चालकापर्यंत पोचतात व सुटे पैसे त्याच वाटेने परत येतात, अशी येथील जुनी रीत आहे. उतरावयाचे झाल्यास 'मुसाइत बिर येरदे', म्हणजे 'सोयीच्या जागी', असे मोठ्याने म्हणावे लागते. संकोचाने गप्प राहणारा पुढे निघून जातो.

अनोळखी माणसाच्या हाती पैसे देताना परका प्रवासी कचरतो. मागून कोणी त्याच्याच हातावर पैसे ठेवले, तर तो अधिकच गोंधळतो. अशा वेळी ते निमूटपणे पुढे द्यावेत. ज्याची भाषा येत नाही, ज्याचे नावही ठाऊक नाही, अशा माणसाने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. टॅक्सीने फिरणाऱ्याच्या वाट्याला हा अनुभव येत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी गर्दीची वेळ टाळावी, सुटे पैसे जवळ बाळगावेत आणि उतरण्याच्या ठिकाणाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. तो कागद शेजाऱ्याला दाखविला, तर पुढचे काम बहुधा तोच करतो.