आग विझल्यावर उरणारा वास

काशीतील नारद घाटाशेजारी राजा घाट आहे. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाशी तो निगडित आहे. १८०३ नंतर कंपनी सरकारच्या निवृत्तिवेतनावर राहिलेल्या अमृतरावांचा मृत्यू १८२४ मध्ये झाला. काशीच्या घाटांत व जुन्या इमारतींत चुनारचा वालुकाश्म फार वापरला गेला आहे, आणि घाटांमागील अरुंद गल्ल्यांत दगड, चुना व लाकूड यांची जुनी घरे आजही उभी आहेत. अशा एखाद्या घरात स्वयंपाकघराला आग लागली व ती वेळीच विझली, असे समजू. घर वाचले. भिंतींना नवा चुना दिला. तरी पहिल्या पावसात खोलीखोलीतून धुराचा वास पुन्हा येऊ लागला. असे का व्हावे?

वास हा हवेचा गुण नव्हे. तो पदार्थ आहे. लाकडातील लिग्निन जळताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल व क्रेसॉल यांसारखी फिनॉल-वर्गातील द्रव्ये निर्माण होतात. प्लॅस्टिक जळाले तर याहून तिखट व अपायकारक वायू निघतात. ही द्रव्ये काजळीच्या कणांवर बसतात. हे कण बहुधा एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची सूक्ष्मता ध्यानी येईल. उष्ण हवेतील कण थंड पृष्ठभागाकडे सरकतात. म्हणूनच आगीपासून दूर असलेल्या बाहेरच्या भिंतीवर, खिळ्यांच्या डोक्यांवर आणि बंद कपाटाच्या आतही काजळी सापडते.

वालुकाश्म, चुन्याचा गिलावा व लाकूड हे सर्व सच्छिद्र पदार्थ आहेत. धुरातील द्रव्ये त्यांच्या रंध्रांत शिरून तेथील पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. हवा तापली किंवा दमट झाली की पाण्याचे रेणू त्या जागा घेतात आणि अडकलेली द्रव्ये पुन्हा सुटतात. पावसाळ्यात वास परत येतो तो यामुळे.

नव्या चुन्याने वास काही काळ दबतो, यालाही कारण आहे. फिनॉल हे सौम्य आम्ल होय. ताजा चुना तीव्र अल्क असल्यामुळे त्याचा फिनॉलशी संयोग होऊन न उडणारे क्षार बनतात. परंतु हवेतील कार्बन डायऑक्साइड चुन्याचे हळूहळू खडूत रूपांतर करतो. कार्बनिक आम्ल फिनॉलहून प्रबळ असल्याने फिनॉल पुन्हा मोकळे होते. खाण्याच्या सोड्याची वाटी कोपऱ्यात ठेवूनही हे काम होत नाही. तो आंबट वासाच्या आम्लांना शमवितो, फिनॉलला नाही. धूप आणि उदबत्ती तर केवळ एका वासावर दुसरा चढवितात.

तात्पर्य, वास झाकावयाचा नसून द्रव्य बाहेर काढावयाचे आहे. त्यासाठी क्रम महत्त्वाचा.

पहिले पाऊल सुरक्षिततेचे. घरात शिरण्यापूर्वी विजेची जोडणी व भिंतींची मजबुती जाणकाराकडून तपासून घ्यावी. वालुकाश्मातील गारेचे स्फटिक ५७३ अंश सेल्सियसला एकाएकी प्रसरण पावतात आणि दगडाला भेगा पडू शकतात. काम करताना एन-९५ मुखपट्टी व हातमोजे वापरावेत. मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना दूर ठेवावे. आगीच्या धुरात सापडलेले उघडे अन्न व औषधे टाकून द्यावीत.

दुसरे पाऊल कोरड्या सफाईचे. जळके लाकूड, राख व धूर शोषलेल्या गाद्या प्रथम बाहेर काढाव्यात. मग बारीक गाळणीच्या व्हॅक्यूम क्लीनरने काजळी हलक्या हाताने ओढून घ्यावी आणि उरलेली कोरड्या रबरी स्पंजाने टिपावी. येथे ओले फडके वापरणे ही सर्वांत मोठी चूक होय. काजळी तेलकट असते. ओल्या फडक्याने ती पसरते आणि रंध्रांत अधिक खोल जाते.

तिसरे पाऊल धुण्याचे. फरशी, लाकूड व धातूच्या वस्तू कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा अथवा साबण घालून पुसाव्यात. मात्र अॅल्युमिनियमला सोडा लावू नये. सुती कपडे इतर कपड्यांत न मिसळता धुवावेत, उन्हात वाळवावेत, आणि वास पूर्ण गेल्याखेरीज इस्त्री करू नये. गिलाव्यात वास खोल मुरला असेल तर तो खरवडून नवा करणेच श्रेयस्कर.

चौथे पाऊल कोंडण्याचे. धुऊन पूर्ण सुकलेल्या लाकडावर चपड्याचे, म्हणजे शुद्ध लाखेचे, रोगण दिल्यास उरलासुरला वास आतच राहतो. परंतु गंगेची ओल चढणाऱ्या दगडी भिंतीस असे रोगण लावू नये. आत अडकलेले पाणी गिलाव्याला पोपडे आणते. अशा भिंतींना कोरड्या दिवसांत समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा देणे हाच उपाय. खोलीत सक्रिय कोळसा ठेवल्याने थोडी मदत होते, कारण त्याच्या एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो. ओझोन-यंत्रे मात्र माणसे घरात असताना कदापि चालवू नयेत. तो वायू फुप्फुसांना अपाय करतो.

घर स्वच्छ झाले की नाही, हे घरच्या माणसांच्या नाकावर सोडू नये. सततच्या वासाला नाक सरावते आणि तो जाणवेनासा होतो. दुपारच्या उन्हात खोली दोन तास बंद ठेवावी आणि बाहेरून आलेल्या शेजाऱ्यास प्रथम आत बोलवावे. त्याला वास आला तर क्रमातील कोणते पाऊल अपुरे राहिले ते शोधावे. हा शोध चुन्याचा नवा हात देण्यापूर्वी घेतला, तर पहिल्या पावसाची धास्ती उरत नाही.