सेवा केंद्राच्या छतावर कोणता अँटेना बसवायचा?



आपल्या एका ग्रामसंघाने सेवा केंद्र सुरू केलं. गावात फायबरची केबल नाही, म्हणून शेजारच्या गावच्या टॉवरवरून हवेतून इंटरनेट घेतलं. मे महिन्यात बसवणारे दादा आले, छतावर अँटेना लावला, झकास चाललं. जुलै लागला आणि नेट बसलं. सातबारा काढायला आलेली माणसं परत जायला लागली. फोन केला तर उत्तर मिळालं, "मोठी छत्री लावा, पैसे वेगळे पडतील." अध्यक्षताई मला म्हणाल्या, "मॅडम, कर्ज काढून केंद्र मांडलंय. आता परत पैसे कुठून आणू?"

मी समाजकार्य शिकलेली, अँटेना काही माझा विषय नाही. पण ओळखीच्या एका जुन्या तंत्रज्ञ काकांना घेऊन गेले. काकांनी अँटेनाला हातच लावला नाही. ते नुसते टॉवरच्या दिशेने बघत राहिले. मधे सागाची रांग! मे महिन्यात साग बोडका असतो, तेव्हा पलीकडचा टॉवर आरपार दिसत होता. आता पानं फुटून भिंत झालेली. "पाऊस पडतो म्हणून नेट जातं" असं आपण म्हणतो, पण एवढ्या अंतराला पाऊस फारसं काही करत नाही. ओली पानं करतात.

म्हणून पहिली गोष्ट ही की अँटेना निवडायच्या आधी वाट बघायची. या जोडण्या बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि त्या लहरी झाडातून, भिंतीतून नीट जात नाहीत. बरं, टॉवर नुसता डोळ्याला दिसला म्हणजे झालं असंही नाही. लहरींची वाट दोरीसारखी बारीक नसते, लाटण्यासारखी असते, टोकांना निमुळती आणि मधे फुगीर. टॉवर २ किलोमीटरवर असेल तर मधोमध ही वाट सरळ रेषेच्या चहूबाजूंना ५ मीटर पसरते. त्यातली निदान ३ मीटर तरी मोकळी हवी. झाडाचा शेंडा रेषेला घासून जात असेल, तर आज चालेल, दोन वर्षांनी झाड वाढलं की चालणार नाही.

आता प्रकार. अँटेना स्वतः वीज किंवा ताकद तयार करत नाही, आहे तीच एका बाजूला गोळा करतो. कंदील आणि बॅटरीचा फरक आठवा. उभ्या काठीसारखा जो अँटेना असतो तो कंदील. चारी बाजूंना थोडं थोडं देतो. त्याचं काम असतं टॉवरवर, जिथून पुष्कळ घरांना द्यायचंय. आपल्या केंद्राला एकाच टॉवरकडे बघायचंय, तिथे काठी नको. ती आजूबाजूचा सगळा गोंगाटही गोळा करते. २०१८ पासून या लहरींचे बरेच पट्टे आपल्या देशात लायसन्सशिवाय वापरता येतात, त्यामुळे गोंगाट वाढलाच आहे.

दुसरी चपटी पाटी, म्हणजे पॅनेल. ही रुंद तोंडाची बॅटरी, साधारण ४० अंशात बघते. टॉवर एक-दोन किलोमीटरवर आणि वाट मोकळी असेल तर ही पुरते. वाऱ्याने थोडी हलली तरी बिघडत नाही.

तिसरी छत्री, म्हणजे डिश. ही लांब पल्ल्याची बॅटरी. तिची नजर १० अंशांच्या आसपासच. खोक्यावर 'डीबीआय' असा आकडा असतो. तो ३ ने वाढला की त्या दिशेची ताकद दुप्पट. म्हणजे १४ ची पाटी आणि २३ ची छत्री यांत ९ चा फरक, आठपट ताकद. टॉवर चार-पाच किलोमीटर लांब असेल तर छत्रीच घ्या. पण नजर अरुंद, म्हणून पोल जरा वाकला की नेट गेलं. जाळीची छत्री वारा कमी धरते, घाटाकडच्या गावांनी ती आहे का ते विचारावं.

आमच्या त्या केंद्राचा टॉवर दीड किलोमीटरवरच होता! छत्रीने सागाची भिंत फुटली नसती. काकांनी तीच पाटी छताच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उंच पोलवर लावली. तिथून वाट सागाच्या बाजूने निघते. खर्च पाइप आणि केबलचा. (चहा आणि पिठलं-भाकरी अध्यक्षताईंकडून.)

पोलला अर्थिंग करून घ्याच. वळवाचे ढग दिसले की प्लग आणि केबल काढून ठेवायची. आणि ताई, पत्र्यावर स्वतः चढू नका.

बसवणारे दादा निघायच्या आधी त्यांना मोबाईलवर सिग्नलचा आकडा दाखवायला सांगा. तो उणे असतो. उणे ६० चांगला, उणे ७५ च्या पुढे गेला तर कमजोर. आकडा तारखेसह केंद्राच्या वहीत लिहा, खाली दादांची सही घ्या. श्रावणात पानं भरली की पुन्हा बघून त्याच्याच खाली दुसरा आकडा लिहा. बैठकीला येईन तेव्हा वही दाखवा.