लहान इमारत, मोठे प्रश्न

प्रश्न : विलेपार्ले पूर्वेला पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या सात सदनिकांच्या इमारतीत घर घ्यायचा विचार आहे. स्टेशन, बाजार, दीनानाथ नाट्यगृह, सगळं पायी. बिल्डर म्हणतो, ‘रेरा’ नोंदणी लागत नाही. खरं का?

उत्तर : असू शकतं. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. पण मग महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे कागद तपासायची सोयही नाही. म्हणून टायटल रिपोर्ट, सोसायटीशी झालेला विकास करार आणि मंजूर नकाशे वकिलाकडून तपासून घ्याच. विमानतळ शेजारी, त्यामुळे उंचीची परवानगी आवर्जून पाहा. वरचे मजले तिथेच अडकतात.

खर्चाचं गणित वेगळं. लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा भार सातच घरांवर. एकाने थकवलं की बाकीच्यांना लगेच जाणवतं. कमिटीत बसायची वेळही तुमच्यावर येणारच!

पार्किंग? उघडी जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलंय. आणि सगळं पायी असेल, तर तुम्हाला गाडी खरंच हवी आहे का?